पिवळा ठिपका

आमच्या नाशिकच्या मोटार रॅलीत मी वेळ नोंदवायचो आणि माझा एक मित्र गाड्या तपासायचा. एरवी तो गॅरेज चालवी. "नियम काय म्हणतो?" असं विचारून उत्तरही स्वतःच द्यायचा. सुटण्याआधी प्रत्येक इंजिनावर तो पिवळ्या रंगाचा ठिपका लावी, म्हणजे वाटेत कुणी इंजिन बदललं तर कळावं.

एका वर्षी एकतीस गाड्या होत्या. दोन दिवस धावून पहिल्या आलेल्या गाडीच्या इंजिनावर ठिपकाच नव्हता. त्याने ती बाद केली. चालकाने रॅलीच्या अध्यक्षांकडे अपील केलं.

"साहेब, इंजिन तेच आहे हो! आईने पूजेची हळद लावली होती, तेवढी धुऊन गेली."

हळद म्हटल्यावर तो उभा राहिला.

"कुठे लावली होती? वरच्या झाकणावर ना? मग मी तीच बघितली. रंग लावून झालाय समजून पुढे गेलो. चूक माझी आहे, गाडी पहिली."

अध्यक्ष वैतागले. "अहो, मग पुढच्या वर्षी तुम्हाला तपासायला कसं बसवायचं?"

"नका बसवू," तो म्हणाला, आणि निकालपत्रकावरचा 'बाद' हा शेरा खोडून त्याने खाली स्वच्छ अक्षरात सही केली.