तिसरा येणारा सेवेरिन

सेवेरिन कोनिएच्नी तिसरा यायचा. चार जण सुटायचे, मोटारसायकलींना ब्रेक नसायचे, चार फेऱ्या व्हायच्या आणि सेवेरिन तिसरा यायचा. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही. कोशानोव्होच्या साखर कारखान्याच्या संघात त्याने नऊ हंगाम काढले. त्यातले बहुतेक गुण त्याने असे एकेक करून आणले.

संघाचे वालेन्ती मास्तर म्हणायचे, "पहिला येणारा कुणीही सापडतो. तो एक दिवस पहिला येतो आणि दुसऱ्या दिवशी कुंपणात जातो. मला खात्रीचा एक गुण लागला, की मी सेवेरिनला पाठवतो."

कारखान्यात तो फिटर होता. शर्यतीचा ट्रॅकही कारखान्याच्याच बॉयलरमधून निघालेल्या जळक्या कोळशाच्या चुरीचा होता. रविवारी वळणापाशी उभे राहणारे लोक घरी येत ते तोंडं काळी करून, आणि सोमवारी गावभर दोऱ्यांवर धुणं वाळत पडे. पेलागिया त्याच कारखान्यात फाटकी पोती शिवायला होती. लग्नाआधी ती एकदा शर्यत बघायला गेली. दुसऱ्या वळणावर मूठभर चुरी तिच्या तोंडावर बसली. ती कुणी उडवली ते नंतर कळलं, कारण तो माफी मागायला आला. मग पुन्हा आला. एकावन्न साली त्यांचं लग्न झालं आणि पेलागियाने सांगून टाकलं, "तुझे कपडे मी शिवीन. पण तिथे येऊन तुला बघणार नाही."

ती शब्दाची पक्की होती. त्याचा चामड्याचा पोशाख ती पोती शिवायच्या दाभणाने शिवायची, आणि कोणत्या बाजूला किती फाटलंय त्यावरून शर्यत कशी झाली ते तिला कळायचं. एकदा बटाटे सोलता सोलता तिने विचारलं,

"तुला कधी पहिलं यावंसं वाटत नाही?"

"वाटतं की," सेवेरिन म्हणाला. "पण तिथे आधीच कुणीतरी असतं."

पंचावन्नच्या ऑक्टोबरात हंगामातला शेवटचा सामना होता. सिलेशियाच्या कोळसा खाणवाल्यांचा संघ आला होता. कोशानोव्हो हरलं तर खालच्या गटात जाणार होतं, बरोबरी झाली तरी वाचणार होतं. साखर ज्यापासून करतात त्या बिटाचा हंगाम ऐन भरात होता, तरी कारखान्याने रविवारची अर्धी पाळी सोडून दिली. सेवेरिन सकाळीच गेला, आणि आदल्या दिवशी शिवलेला उजवा हातमोजा टेबलावरच विसरला.

पेलागियाने थोडा वेळ त्या मोज्याकडे बघितलं. मग डोक्याला रुमाल बांधला आणि निघाली.

मोजा देऊन लगेच परत फिरायचं, असं तिने ठरवलं होतं. पण आत शिरल्यावर मागे वळायला जागा उरली नव्हती. मोजा हातोहात आत गेला आणि ती दुसऱ्या वळणावर, लाकडी कुंपणाला चिकटून उभी राहिली. समोर खाणवाल्यांचे पाठीराखे ओरडत होते, "ए बटाट्यांनो, पोत्यात परत जा!" आमच्या भागातल्या लोकांना ते बटाटेच म्हणतात. आम्ही खातोही तेच, त्यामुळे फार लागत नाही.

बारा शर्यती झाल्या. पाहुणे सदतीस, कोशानोव्हो पस्तीस. एकच शर्यत उरली होती. आपला एक जण पहिला आला आणि दुसरा गडी तिसऱ्या जागी आला, तर बरोबर एकोणचाळीस-एकोणचाळीस. मास्तरांनी संघातल्या एका तरण्याताठ्या पोरासोबत सेवेरिनला पाठवलं, आणि खिशातून भाकरीचा तुकडा काढून चघळत बसले.

सुरुवात ठीक झाली. आपला तरणा पुढे निघाला आणि पुढेच राहिला. त्याच्यामागे एक खाणवाला. पण तिसऱ्या जागी सेवेरिन नव्हता. तिथे खाणवाल्यांचा आलोइझ गाव्लिक होता, आणि सेवेरिन चौथा होता.

"हे काय?" पेलागियाच्या शेजारचा म्हातारा म्हणाला. "हा चौथा कधीपासून यायला लागला?"

पेलागियाला अपमान झाल्यासारखं वाटलं. कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

तीन फेऱ्या तसंच चाललं. शेवटच्या फेरीत, दुसऱ्या वळणावर, पेलागियाच्या अगदी समोर आलोइझची चेन तुटली. मागचं चाक फिरलं आणि तो ट्रॅकच्या मधोमध आडवा झाला. सेवेरिन त्याच्यामागे दोन गाड्यांच्या अंतरावर होता. ब्रेक नाही. डावीकडे आलोइझची गाडी, उजवीकडे कुंपण, समोर आलोइझ.

सेवेरिनने आपली गाडी आडवी पाडली. ती त्याला घेऊन घसरत गेली आणि फळ्यांवर आदळली. पेलागियाच्या हाताखालचं कुंपण हललं. मग धुळीचा लोट उठला आणि काहीच दिसेना. तेवढ्या वेळात तिने दोन गोष्टी ठरवल्या: त्याच्या आईला आपणच सांगायचं, आणि हा पोशाख पुन्हा शिवायचा नाही.

धूळ बसली. आलोइझ लंगडत गाडीसकट गवतावर आला होता. सेवेरिन उभा होता. त्याचा उजवा हात नुसता लोंबत होता आणि तो डाव्या हाताने गाडी उचलायला बघत होता. पुढचे दोघे केव्हाच रेषा ओलांडून गेले होते. तिसऱ्याचा गुण अजून कुणाचाच नव्हता.

नियम असा होता, की माणूस आणि गाडी एकत्र रेषेपार जायला हवेत. इंजिन चालू असायला हवं असं कुठे लिहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, एवढंच. वालेन्ती मास्तर मैदानातून ओरडत पळत आले, "हात लावू नका! कुणीही हात लावू नका त्याला!"

सेवेरिनने क्लच दाबून धरला, पोटाने गाडी रेटली आणि चालू लागला. आलोइझने ते पाहिलं आणि तोही गाडी ट्रॅकवर घेऊन चालू लागला. चेन तुटल्यामुळे त्याची गाडी हलकी चालत होती, पण घोटा सुजला होता. पावणेदोनशे मीटर राहिले होते. दहा हजार माणसं टाचा उंचावून बघत होती. कारखान्याच्या धुराड्याकडून बीट शिजल्याचा वास येत होता.

पेलागिया कुंपणाच्या बाहेरून, लोकांना कोपराने बाजूला सारत, त्याच्या बरोबरीने चालू लागली.

"खांद्याला काय झालं?"

सेवेरिनने वळून पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ती तिथे दिसत होती. "हासळीचं हाड मोडलं असावं."

"मग सोड ना ते धूड!"

"थोडंच राहिलंय."

"मेल्या, घरी ये तू."

"येतोय ना," सेवेरिन म्हणाला. "याच दिशेने येतोय."

शेवटच्या वळणावर आलोइझ चाकभर पुढे होता. रेषा वीस पावलांवर आली तेव्हा त्याने न बघताच विचारलं, "का रे बटाट्या, सरळ माझ्या अंगावरून का नाही गेलास? गुण तेव्हाच मिळाला असता."

सेवेरिनने दम घेतला. "ट्रॅक खराब झाला असता. गुरुवारीच नवी चुरी टाकलीये आम्ही."

आलोइझला हसू आलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, म्हणून ते जास्तच आलं. घोट्यावर भार गेला आणि तो दोन पावलं अडखळला. तेवढ्यात सेवेरिनचं पुढचं चाक रेषेपार गेलं.

पंचांनी झेंडा खाली केला. मग जो आवाज झाला तो कारखान्यात रात्रपाळीसाठी झोपलेल्या माणसांनीही ऐकला. सेवेरिनने मात्र गाडी आधी कुंपणाला नीट टेकवली आणि मगच तो खाली बसला.

इस्पितळात दोघांना शेजारच्या खाटा मिळाल्या.

"तू मुद्दाम हसवलंस मला," आलोइझ म्हणाला.

"नाही रे बाबा. खरंच गुरुवारी टाकली होती."

पेलागिया डब्यात उकडलेले बटाटे आणि कांदा घातलेलं पांढरं चीज घेऊन आली. तिने दोघांना वाढलं. आलोइझने पहिला घास घेतला, लगेच दुसरा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, आम्ही तुम्हाला जे म्हणतो ते मी परत घेतो."

"घेऊ नका," पेलागिया म्हणाली. "आधी संपवा."

त्या एका गुणामुळे कोशानोव्हो वरच्या गटात राहिलं. पुढच्या वर्षी ते उतरलंच, पण ती निराळी हकीकत. सेवेरिनचा खांदा जुळला तो थोडा वाकडा. त्याने अजून दोन हंगाम काढले आणि मग कारखान्यातच राहिला. खाणवाल्यांच्या संघाने आलोइझला हसण्याबद्दल कधी माफ केलं नाही. त्याने त्या संघाला माफ केलं की नाही, कुणास ठाऊक. पण दर शरद ऋतूत तो आगगाडीने कोशानोव्होला यायचा. दोघे अंगणात बसून जुनी इंजिनं उघडायचे आणि बहुतेक वेळा परत जोडायचे नाहीत.

एकदा, मुलं मोठी झाल्यावर, पेलागियाने विचारलं, "गाडी आडवी पाडलीस त्या क्षणी तुझ्या मनात काय आलं होतं?"

सेवेरिनने विचार केला. "काही नाही. विचार करत बसलो असतो, तर तोवर त्याच्या अंगावरच गेलो असतो."

तो त्र्याऐंशी साली गेला. दफनाला कारखान्यातली माणसं आली, मास्तर व्हीलचेअरमधून आले, आलोइझ काठी टेकत आला. मागे उभ्या असलेल्या एका पोराने आलोइझला विचारलं, की हे आजोबा मोठे चॅम्पियन होते का.

"नाही," आलोइझ म्हणाला. "पण मी त्याच्यापुढे पडलो होतो, आणि मला पाच नातवंडं आहेत."

तो आठवडाभर राहिला. त्याने पेलागियाच्या फाटकाचं बिजागर बसवलं, गळकं छप्पर नीट केलं आणि मागच्या वाफ्यातली गाजरं उपटून हिवाळ्यात टिकावीत म्हणून वाळूत पुरून ठेवली. जायच्या दिवशी पेलागियाने त्याचा कोट हातात घेतला, बाहीची उसवलेली शिवण पाहिली आणि म्हणाली, "बसा. गाडीला अजून तासभर आहे."