रेडिओमामांची दुपार

रेडिओमामा रेडिओला उत्तरं देत. निवेदकाने नमस्कार म्हटलं की हात जोडून म्हणत, "नमस्कार जी, बोला." पावसाचा अंदाज चुकला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष त्याला झापत, "काल काय सांगतलं होतं बे तू?"

मामा आमच्या गावचे शिंपी. गाव वडनेर भोलजीच्या अलीकडे. गावोगाव रेडिओ पोचवायचा असं सरकारने ठरवलं, तेव्हा आमच्या पंचायतीलाही एक मिळाला. साहेब आले, फोटो निघाला, आमचं गाव झालं म्हणून ते पुढच्या गावी गेले. मामांचं मशीन पंचायतीच्या ओट्यावर असे, म्हणून रेडिओच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे आली. त्यांनी रेडिओला उरल्यासुरल्या कापडाची खोळ शिवली. तिला खिसाही ठेवला. का, तर म्हणे, "सरकारी माणूस हाये. कागदपत्रं असतीन त्याचे."

खोली दिवेलागणीला उघडे. पुरुष ओट्यावर बसत. बातम्यांतली पुण्या-मुंबईची मराठी म्हाताऱ्यांना उमगत नसे. मामा ती वऱ्हाडीत सांगत, पदरचं थोडं घालून.

एका दुपारी आई झंपर शिवायला घेऊन गेली. मी सोबत होते. आईने विचारलं, "मामा, हा रेडिओ दिवसभर काय करते?"

"झोपते. बॅटरीले आराम लागते."

"हा उठते तवा आमी भाकरी थापतो. मंग आमी कवा ऐकाचं?"

मामांनी उठून कुलूप काढलं आणि रेडिओ लावला. आतून एक बाई बोलू लागली. जुलाब लागलेल्या लेकराचं पाणी तोडू नका, उकळून गार केलेलं पाजत राहा, असं ती सांगत होती. आमच्याकडे अशा वेळी पाणीच बंद करत. आदल्या उन्हाळ्यात आमच्या घरातलं तान्हं तसंच गेलं होतं. आई उंबऱ्यातच बसली.

"म्हंजे हे रोजच बोलून राह्यली होती," मामा म्हणाले, "अन् मी कुलूप लावून राह्यलो."

दुसऱ्या दिवसापासून दुपारीही खोली उघडू लागली. बायका शेंगा फोडायला तिथेच येत, बौद्धवस्तीतल्याही, सगळ्या एका ओट्यावर. बॅटरी लवकर बसली आणि ऐन हंगामात कापसाचे भाव ऐकायला मिळेनात. पुरुष चिडले.

"बायाईचा रेडिओ बंद," सरपंच म्हणाले.

"एक दिवसाआड करा," मामा म्हणाले. "भाव एक दिवस नाही आयकला तं मानूस मरत नाही. लेकरू मरते."

सरपंचांनी किल्ली काढून उपसरपंचांकडे दिली.

दुसऱ्या दुपारी बायका सुपं घेऊन बंद दारासमोर बसल्या. दिवेलागण झाली, पुरुष जमले, तरी उठेनात.

"अवं, चुली पेटवाच्या नाही काय?" उपसरपंच म्हणाले.

"दुपारचं कबूल करा. मंग उठतो," आई म्हणाली.

भुकेपुढे पंचायत नमली. एक दिवस दुपार, एक दिवस संध्याकाळ, असं ठरलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला जुलाब लागले. आजी ओरडत असताना आईने तिला पाणी पाजलं. धाकटी जगली. आज ती माझ्याशी कडाकडा भांडते.

किल्ली मामांकडे परत आली नाही. मला ते खटकायचं. एकदा म्हटलंही, "मामा, मागून घ्या ना."

"काऊन?" शिवणीवरची नजर न काढता ते म्हणाले. "तुह्या मायनं उघडून घेतलं ना? मंग आता माहं तिथं काय काम?"