चमकूमलची साडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा ओळखतही असाल — आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडे गणपतीत नाहीतर कोजागिरीला 'चमकूमलची साडी' हे एकपात्री तुम्ही ऐकलं असेल, तर ते करणारा तो टकलू माणूस मीच.

ऐकलं नसेल तर थोडक्यात सांगतो. उल्हासनगरचा सिंधी दुकानदार चमकूमल एका भोळ्या मराठी माणसाला भोक पडलेली साडी विकतो. तक्रार केली तर म्हणतो, "वडी साईं, हवेशीर डिझाइन आहे नी, उन्हाळ्यात गार वाटेल." मग तो भोळा माणूस भर दुकानात त्याला असा काही झापतो, की चमकूमल हात जोडून नवी साडी काढून देतो. टाळ्या. ही माझ्या आयुष्यात खरी घडलेली गोष्ट आहे, असं मी सुरुवातीलाच सांगतो. लोकांना ते फार आवडतं.

एक सांगू? चमकूमल उभा करायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. लिहायला बसलो तर तो आधीच तयार होता — डोळे मिचकावणारा, लबाड, गोड बोलून गळा कापणारा. आपल्या नाटकांत, दिवाळी अंकांत, ऑफिसच्या डब्याच्या गप्पांत तो कधीचा बसलेलाच होता. सिंधी म्हटला की लबाड, उल्हासनगरचा माल म्हटला की नकली. मी नुसतं सिंधी हेल काढून "वडी साईं" म्हणायचो आणि विनोद व्हायच्या आत हशा यायचा. ही माणसं फाळणीत घरदार सोडून इथल्या लष्करी बराकींत येऊन राहिली, तिथून त्यांनी उल्हासनगर उभं केलं, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण त्यावर कोण हसणार?

बघा, अजून मुद्द्यावर येत नाहीये मी.

पस्तीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी बहीण सुमन हिचा साखरपुडा होता. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये टेकचंदशेठ म्हणून एकांचं साडीचं दुकान होतं, तिथून तिच्यासाठी मोरपंखी सिंथेटिक साडी आणली. शेठनी घडी केलेली साडी कागदात बांधून दिली. ना त्यांनी ती उलगडून दाखवली, ना आम्ही उलगडायला सांगितली. तशी कधी गरजच पडली नव्हती.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी माझ्या सुती शर्टाला इस्त्री करत होतो. सुमन मैत्रिणीकडे मेंदी काढायला गेली होती. म्हटलं, तिची साडीही करून टाकू, पोरगी खूश होईल. शर्टाची कडकडीत तापलेली इस्त्री तशीच साडीवर टेकवली. चर्र झालं आणि पदराला बांगडीएवढं भोक पडलं.

आता ऐका — मी तेव्हा कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होतो. कुठला धागा किती उष्णतेला वितळतो, हे बघणं हेच माझं काम. मला हे कळू नये? आता सुमनला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. ती आल्यावर मी साडी पुढे केली आणि म्हणालो, "बघ, कसला माल गळ्यात मारलाय सिंध्याने."

तिने लगेच विश्वास ठेवला. आईनेही. कुणी साधं विचारलंसुद्धा नाही, की भोक होतं तर घेताना कसं दिसलं नाही? त्या एका शब्दाने सगळं भागलं. त्या शब्दाची एवढी ताकद मला त्या दिवशी कळली, आणि पुढे मी ती आयुष्यभर वापरली.

संध्याकाळी सुमनला घेऊन दुकानात गेलो. लग्नसराई होती, दुकान बायकांनी भरलेलं. मी आवाज चढवला. काय काय बोललो ते लिहायला लाज वाटते — तुम्ही लोक, तुमची जात, तुमचं हे गाव. तोंडाला येईल ते. बायका माझीच री ओढायला लागल्या. दोघी-तिघी हातातल्या साड्या टाकून निघून गेल्या.

टेकचंदशेठ पुढे आले. त्यांनी पदर हातात घेतला आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. वितळलेला धागा गार झाला की त्याची कड कडक होते, बोटाला टोचते. जन्मभर कापड हाताळलेला माणूस तो. मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो, आणि त्यांनी वर बघितलं ते माझ्याकडे. मग सुमनकडे. तिच्या हातावर ओली मेंदी होती, डोळे रडून लाल झालेले.

त्यांनी त्याच रंगाची दुसरी साडी काढली आणि बांधून माझ्या हातात देताना फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बेटा, इस पे गरम इस्त्री मत रखना."

म्हणजे त्यांना कळलं होतं. भर दुकानात मला उघडं पाडता आलं असतं त्यांना. त्यांनी माझ्या बहिणीसमोर माझी लाज राखली — आणि मी त्यांचा चमकूमल केला. ते वाक्य मी एकपात्रीत कधीच घेतलं नाही. कसं घेणार? सुमन आता बदलापूरला असते. दादाने सिंध्याला कसा वठणीवर आणला, हे ती नातवंडांनाही सांगते.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित हे लिहिलंच नसतं. पण गेल्या वर्षी अंबरनाथ पश्चिमेला एका वाचनालयाची एकपात्री स्पर्धा होती आणि मी परीक्षक होतो. कॉलेजमध्ये मराठी घेतलेली एक सिंधी मुलगी आली, भाविका. तिने निवडलं होतं 'चमकूमलची साडी'. काय केलं तिने! तेच डोळे मिचकावणं, तोच हेल, माझ्यापेक्षा सरस. सभागृह लोळत होतं. पहिला नंबर तिला मीच दिला.

नंतर ती भेटायला आली. "सर, आमचंही साडीचं दुकान होतं, कॅम्प दोनला. दादाजींचं, टेकचंदशेठ म्हणायचे त्यांना. आता ते नाहीत." मग जरा हसली. "ते असं बोलायचे नाहीत हां. पण असं बोललं नाही ना, तर लोक हसतच नाहीत. आणि दादाजी तर इतके भित्रे, सर! प्रत्येक साडी ट्यूबलाइटखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडून दाखवायचे. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. घरात सगळे चिडवायचे त्यांना."

मी प्रमाणपत्रावर सही करत होतो. पेन तिथेच थांबलं. आमची साडी तर त्यांनी घडीसकट कागदात बांधून दिली होती.

तिने विचारलं, "सर, ही गोष्ट खरंच घडलीय ना तुमच्यासोबत?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. टेकचंदशेठ गेले होते, पण त्यांची नात समोर उभी होती आणि तिने स्वतःहून विचारलं होतं.

मी म्हणालो, "हो, शब्द न् शब्द."

ती "थँक्यू सर" म्हणाली, वाकून माझ्या पाया पडली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.