लोटणीच्या कड्यावरचा फितूर

दर रविवारी जेवणवेळ होईपर्यंत महिपत तीन-साडेतीनशे माणसं मारून मोकळा होत असे. दिंडी दरवाजात साठेक, वरून उकळत्या तेलाच्या कढया ओतून आणखी शंभर, आणि तळ्याकाठच्या हातघाईत त्या दिवशीच्या पाहुण्यांना झेपतील तेवढी. हातात काठी, अंगात सरकारनं दिलेला खाकी सदरा, पायात काही नाही. काठीची तलवार व्हायची, मग भाला, मग तोफेचं तोंड. शत्रूची आतडी कशी बाहेर आली हे सांगताना तो स्वतःच्या पोटावरून ती अशी फिरवायचा की पुण्याच्या बायका पदर तोंडाला लावत आणि तरी पुढे सरकून ऐकत.

करंजगड देवरूखपासून आत, डोंगरवाडीच्या माथ्यावर आहे आणि महिपत त्याचा पहारेकरी. एकदा एका प्राध्यापकानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की अहो, हा गड कधी लढलाच नाही, किल्ल्या हवाली करून रिकामा झाला. महिपतनं शांतपणे विचारलं, "सर, तुमी व्हतात काय तेव्हा?" तेव्हा महिपतही नव्हता, पण त्याचा आवाज मोठा होता, आणि इतिहासात शेवटी तेवढंच लागतं.

गंमत अशी की घरी हाच माणूस मुंगीच्या वाटेला जात नसे. देवीला कोंबडा द्यायचा झाला की मान दुसऱ्यानं कापायची आणि महिपतनं पाठ फिरवून उभं राहायचं. तीनशे मारणारा एका कोंबड्याला भितो म्हणून वाडी त्याला हसायची. बायको जनी गेल्यावर त्यानं दहा वर्षांच्या लेकीला, तुळसाला, एकट्यानं वाढवलं, तिची वेणी घातली, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, आणि उभ्या आयुष्यात तिच्यावर हात म्हणून उगारला नाही.

पण लोक एवढा डोंगर चढून यायचे ते लोटणीच्या कड्यासाठी. गडाच्या पश्चिम टोकाला कातळ एकदम तुटतो, आणि खाली झाडांचे शेंडे कोथिंबिरीच्या जुडीएवढे दिसतात. इथून फितुरांना लोटून देत, असं महिपत सांगे, आणि तेवढ्यावर न थांबता करून दाखवी. घोळक्यात जो सगळ्यांत जास्त बडबडा असेल त्याला तो पुढे ओढायचा. खांद्यावरच्या पंच्यानं त्याचे हात पाठीमागे बांधायचा, एका हातात मान आणि दुसऱ्यात कमरेचा पट्टा धरून त्याला कड्यावर असा पुढे वाकवायचा की त्याच्या नाकाखाली नुसती दरी राहायची. मग गर्जना व्हायची, "गडाचं मीठ खाऊन गडाशी फितूर झालास. कबूल?" असं तीनदा विचारायचं. तिसऱ्याला भलाभला गडी "कबूल, कबूल" करून आईला हाका मारायचा. लोक पोट धरून हसायचे, टाळ्या पिटायचे, फोटो काढायचे.

ह्यातली मेख फक्त दोघांना ठाऊक होती. कड्याच्या काठापासून हातभर आत कातळात एक खोबण होती, घोट्याएवढी खोल. महिपत डावा पाय तिच्यात रुतवून उभा राहायचा. पाय आत असला की तो फणसाच्या बुंध्यासारखा घट्ट, दोन माणसांचा भारही सहज पेलायचा. दुसरी जाणकार तुळसा. लहानपणी दर शनिवारी बोटानं त्या खोबणीतली माती आणि शेवाळ खरवडून ती कोरडी करून ठेवायचं काम तिचंच होतं. खोबण साफ असली की ती बापाला नुसती मान हलवून सांगायची.

माणसाच्या मानगुटीत आपला पंजा रुतलाय आणि त्याचे गुडघे लटपटतायत, ह्यात महिपतला मजा वाटायची, हे खोटं कशाला सांगा? आठवडाभर सरकारी साहेबापुढे, सावकारापुढे, तलाठ्यापुढे मान खाली घालणारा माणूस तो. रविवारी दुसऱ्याची मान त्याच्या हातात यायची.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात तुळसाचं लग्न झालं. जावई बाळा, अलोऱ्याकडचा, सायकली दुरुस्त करायचं स्वतःचं दुकान, दिसायला देखणा, केसांना भांग मधोमध. पहिल्या शिमग्याला तो सासरी आला. नव्या जावयाची थट्टा करायची रीतच आहे. वाडीनं त्याच्या चहात मीठ घातलं, वहाणा माडावर टांगल्या, वड्यात कापूस भरून वाढला. बाळा हसला. मग कोणीतरी म्हणालं, "महिपता, जावयाला कडा दाखव की."

त्यानं दाखवला. अख्खी वाडी बघायला जमली होती. पहिल्या "कबूल"ला बाळा हसत होता, दुसऱ्याला त्याचं हसू गेलं, आणि तिसऱ्याला तो लहान मुलासारखा ओरडला आणि त्याची पॅन्ट ओली झाली. मग काय विचारता! बायकांनी त्यावर गाणं रचलं, पोरं तीन दिवस ते म्हणत फिरली. सगळ्यांत मोठ्यानं महिपत हसला. बाळानं खाली मान घालून भात खाल्ला आणि दुसऱ्या सकाळी बायकोला घेऊन तो निघून गेला. तरणाताठा आहे, विसरेल, असं महिपतला वाटलं.

पुढे दीड-दोन वर्षं तुळसा फारशी आलीच नाही. पंच्याऐंशीच्या दिवाळीला आली तेव्हा हातात चारच बांगड्या होत्या आणि ती कमी बोलत होती. महिपतनं विचारलं, तिनं सांगितलं नाही, आणि त्यानंही फार खोदलं नाही. दिल्या घरी जुळवून घ्यावं, असं काहीतरी पुटपुटून त्यानं तिला एस्टीत बसवून दिलं. ते पुटपुटणं त्याला नंतर फार महाग पडलं.

त्यानंतरच्या माघात, देवीच्या जत्रेला, ती एकटीच चालत वर आली. पुढचा दात पडला होता, ओठ सुजला होता. विहिरीच्या पायरीवरून घसरले म्हणाली. अंगणात बसून ती केस विंचरायला लागली, आणि तिच्या मानेवर महिपतला बोटांचे वळ दिसले, एका बाजूला चार आणि एका बाजूला एक. मानगूट धरल्याशिवाय तसे वळ उठत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा तिनं एकेक सांगितलं. बाळा सायकलच्या चेननं मारायचा. दंडावर, पाठीवर, पोटऱ्यांवर त्या चेनचे दातेरी डाग होते. तिनं ते दाखवले आणि पुन्हा पदर ओढून घेतला. रविवारी आपल्याला न्यायला येणार आहेत, एवढं सांगून ती तांदूळ निवडायला बसली.

महिपत वाडीतल्या जाणत्यांकडे जाऊन आला. त्यांनी नेहमीचं सांगितलं, की भांड्याला भांडं लागतंच, पोरीला नांदायला पाठव. घरी येऊन त्यानं कोयतीला धार लावली. मग ती वळचणीला खोचून ठेवली आणि रविवारची वाट बघत बसला.

रविवारी बाळा आला तो चार मित्रांना घेऊन, भाड्याच्या जीपनं. डोळ्यांवर काळा चष्मा, एका मित्राच्या गळ्यात कॅमेरा. त्याला बायको तर न्यायची होतीच, पण मित्रांना सासऱ्याचा गडही दाखवायचा होता. "हे आमचे मामा. गडाचे मालकच समजा," असं म्हणत तो महिपतच्या पाया पडला. त्याच वेळी गुहागरहून शाळामास्तरांचा एक जथा वर आला होता. असे वीसेक पाहुणे झाले.

त्या दिवशी महिपतनं फारशी माणसं मारली नाहीत. दरवाजात पाचपन्नास आटोपली, तेलाच्या कढया विसरला, तळ्याकडे तर फिरकलाच नाही. मास्तर थोडे नाराज झाले. तो घोळक्याला सरळ कड्यावर घेऊन गेला आणि नेहमीसारखं, फितूर कोण होणार, असं विचारलं, पण विचारताना त्याचं बोट बाळाकडेच होतं.

मित्र बघत होते. बाळानं चष्मा काढून खिशात ठेवला. "चला मामा, या खेपेला नाय घाबरत," तो म्हणाला आणि आपणच हात पाठीमागे केले.

महिपतनं पंचा आवळला. इतका आवळला की बाळाची बोटं पांढरी पडली. एक पंजा मानगुटीत, एक पट्ट्यात. दोन पावलं पुढे, खोबणीच्याही पुढे, पार काठावर. मग त्यानं जावयाला दरीवर वाकवलं.

"ज्या घरचं मीठ खाल्लंस त्या घरची लेक चेननं फोडलीस," तो म्हणाला. "कबूल?"

मास्तर हसले. हा संवाद नवीन होता, आणि त्यांना तो आवडला. मित्रांतले दोघे हसले, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कॅमेऱ्याचा आवाज झाला.

"तिचा दात पाडलास. कबूल?"

महिपतच्या पायाखालचा मुरूम सरकला. चारपाच खडे काठावरून गेले, आणि ते खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही. बाळानं मान फिरवायचा प्रयत्न केला. पंजा घट्ट होता. पंज्याखालची शीर उडत होती, आणि महिपतला ती बोटांना लागत होती, जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखी. आणखी वीतभर वाकवलं की झालं. दोघंही गेलो तर जाऊ, त्याच्या मनात आलं, आणि ते येताना त्याला जराही भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. ते बरं वाटणंच भयंकर होतं.

तुळसा पाहुण्यांसाठी ताकाची कळशी घेऊन येत होती. सगळे त्या दोघांच्या तोंडांकडे बघत होते. तिनं एकटीनं बापाच्या पायाकडे पाहिलं. खोबण रिकामी होती.

तिनं कळशी टाकली. धावत येऊन तिनं आपला पाय खोबणीत घातला आणि मागून बापाच्या कमरेचा करगोटा आणि धोतर मुठीत पकडलं. ओरडली नाही. त्याच्या कानाशी, फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलली.

"आबा, तेंनी मना असंच धरलानी व्हता. विहिरीवर. तीन येळा इचारलानी, कबूल काय म्हनून. तुज्या बापसाकडनं शिकलंय म्हनाले."

महिपतचा तिसरा "कबूल" घशातच राहिला. त्याला ती विहीर दिसली, तिच्यावर वाकवलेली त्याची पोर दिसली, आणि तिच्या मानेवरचा पंजा त्याला नीट ओळखता आला. तो त्याचाच होता. शिमग्याच्या त्या दिवशी तो वाडीसमोर खदखदून हसला होता, आणि ते हसणं दोन वर्षं पोरीच्या अंगावर वळांनी उठत होतं.

तुळसानं मागे ओढलं. त्यानंही जोर लावला. तिघं एकमेकांवर मागे पडले, आणि मास्तरांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

महिपतनं उठून जावयाच्या हातांचा पंचा सोडला. सुटल्या हातानं बाळानं पहिला दगड उचलला तो त्याच्या कपाळात घातला. टाळ्या चालूच होत्या. दुसरा गालफडावर बसला. महिपतनं हात वर केले नाहीत. तो नुसता उभा राहिला, आणि बाळा मारत राहिला, दगडानं, मग मुठीनं, मग लाथेनं, तोंडानं नुसती शिवी, नुसता आवाज. रक्त डोळ्यांत उतरून खाकी सदऱ्यावर ठिबकायला लागलं तेव्हा टाळ्या थांबल्या. ज्याच्या गळ्यात कॅमेरा होता त्या मित्रानंच बाळाला मागून मिठी घालून धरलं.

"खरं काय रे ते?" त्यानं विचारलं. "चेनचं?"

धापा टाकत बाळा तुळसाला म्हणाला, "चल. बोचकं घे."

तुळसा खोबणीपाशीच बसली होती. तिचा घोटा सोलवटून निघाला होता. बाळा एक पाऊल पुढे आला. तिनं पाय आणखी आत रोवला.

"मी न्हाय येत," ती म्हणाली.

बाळानं हात उचलला. पण आता वीस माणसं तिच्या उघड्या पडलेल्या दंडाकडे बघत होती, त्यावरच्या दातेरी डागांकडे. एका म्हाताऱ्या मास्तरांनी पुढे होऊन तो हात धरला. मित्रांनी बाळाला दोन्ही बाजूंनी उचलल्यासारखं करून दरवाजाकडे नेलं. खूप वेळानं खालून जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ताक कातळावर सांडून वाळत होतं.

देवरूखच्या डॉक्टरांनी महिपतच्या कपाळाला सात टाके घातले. काय झालं असं त्यांनी विचारलं तेव्हा तो पडलो म्हणाला नाही. जावयानं मारलं, आणि मी त्याला मारणार होतो, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. वाडीतले जाणते तुळसाला परत पाठवायचं सांगायला पुन्हा आले, तेव्हा त्यानं त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

तिसऱ्या दिवशी तो घमेल्यात चुना, वाळू आणि खडी घेऊन कड्यावर गेला. मागून तुळसा लंगडत पाण्याची कळशी घेऊन आली. त्यानं खोबणीत आधी मोठे दगड ठासले, मग त्यावर कालवलेला चुना ओतायला घेतला. तुळसा पाणी घालत होती. खोबण अर्धी भरली तेव्हा तिनं विचारलं, "शिमग्याला तुमी का हसलात, आबा? तेंची पॅन्ट भिजली तेव्हा."

महिपतचा थापीवरचा हात थांबला. टाक्यांखाली कपाळ ठणकत होतं. पोर पाणी धरून, उत्तराची वाट बघत उभी होती.

"कबूल," तो म्हणाला.

तुळसानं मान हलवली, लहानपणी खोबण साफ झाल्यावर हलवायची तशी. मग तिनं कळशी वाकवली आणि उरलेल्या चुन्यावर पाणी सोडलं.