ट्रॅकपॅडवरचं बोट

माझं मनगट माउसपायी गेलं. सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कारखान्यासाठी मी खोक्यांवरची आणि लेबलांवरची डिझाइनं करते. दिवसभर मुठीत माउस धरून रेघा ओढायच्या, अक्षरं जराशी इकडे, जराशी तिकडे सरकवायची. एक दिवस चहाचा कप उचलताना मनगटातून अशी कळ गेली की कप सुटून फरशीवर फुटला. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि माउसला हात लावू नका म्हणून बजावलं. मग नाशिकच्या माझ्या भावाने त्याच्याकडचा एक वायरलेस ट्रॅकपॅड कुरिअरने पाठवून दिला.

पांढरी, गुळगुळीत, शाळेच्या पाटीहून लहान अशी ती चीज. वरून बटण नाही, मागून वायर नाही. बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो, एवढंच. पण ती इतकी हळवी निघाली की मी हैराण झाले. दोन बोटं लागली की पान पळायचं, तीन लागली की समोरची खिडकीच गायब. पहिल्याच आठवड्यात मी एका फरसाणाच्या खोक्यावरचा शाकाहारीचा हिरवा ठिपका उचलून दुकानदाराच्या पत्त्यावर नेऊन ठेवला आणि तसंच पाठवून दिलं. आमच्या कारखान्याचे शेठ गुजराती-हिंदी मिसळून बोलतात. त्यांनी फोन करून फक्त माझी तब्येत विचारली. मला समजायचं ते समजलं. हळूहळू हात बसला. मनगट न हलवता नुसत्या बोटाने काम होऊ लागलं आणि मी बाणाचा वेग शेवटपर्यंत वाढवून ठेवला. बोट तीळभर सरकलं की बाण पडद्यावर वीतभर जायचा.

हे सगळं चालू होतं तेव्हा माझे वडील आतल्या खोलीत पडून होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. ते मूळचे धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे. तरुणपणी सिल्वासाला आले आणि खडोलीच्या धागा बनवणाऱ्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत राहिले. निवृत्तीनंतर वर्षभरात एका सकाळी दाढी करता करता ते बेसिनपाशी कोसळले. वापीच्या दवाखान्यात नेलं. मेंदूच्या खालच्या भागात रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण हातपाय चारही गेले आणि वाचा गेली. डोळे उघडे असायचे. कधी आमच्याकडे वळायचे, कधी पंख्याकडेच लागलेले असायचे. त्यांना किती कळतं हे सांगता येत नाही, नजरेवरून काही अर्थ काढत बसू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरुवातीला आम्ही खूप हाका मारल्या, डोळे मिटून दाखवा म्हटलं. कधी मिटायचे, कधी नाही. मग आम्हीही थांबलो. येणारे पाहुणे त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याविषयी असे बोलायचे, जसं भिंतीवरच्या फोटोविषयी बोलावं.

आईला एकटीला सगळं उरकेना, म्हणून मी शेठना विचारून घरून काम करायला लागले. कॉम्प्युटर नानांच्या खोलीत आणला, त्यांच्या पलंगाशेजारी टेबल लावलं. ट्रॅकपॅडला वायर नसल्यामुळे मी कधी तो मांडीवर घ्यायची, कधी पलंगाच्या कडेवर बसून गादीवर ठेवायची.

त्या दिवशी दुपारी मी एका साबणाच्या वेष्टनावर काम करत होते. स्वयंपाकघरात कुकर लावला होता. शिट्ट्या झाल्या तशी मी ट्रॅकपॅड गादीवर ठेवून गॅस बंद करायला गेले. तेवढ्यात आई नानांना कुशीवर वळवून, पाठीला पावडर लावून, परत उताणं करून गेली. मी खोलीत आले तर पडद्यावरचा बाण हलत होता.

आधी वाटलं, मघाशी हात लागला असेल. पण मी टेबलापासून लांब उभी होते आणि बाण साबणाच्या वेष्टनावरच्या फुलावरून सावकाश वर जात होता. थांबला. परत खाली आला. आदल्या आठवड्यातच कारखान्याच्या कॉम्प्युटरवाल्याने लांबून माझ्या मशीनमध्ये शिरून प्रिंटर दुरुस्त करून दिला होता. मला वाटलं, तसंच कुणीतरी शिरलंय. मी इंटरनेटची वायर उपटली. बाण चालूच. मी त्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. तो काहीतरी खात होता. घास गिळून त्याने विचारलं की माउसवर एखादी वस्तू पडलीय का बघा.

मी वळून पाहिलं. ट्रॅकपॅड नानांच्या डाव्या हाताखाली होता.

आईने त्यांना उताणं करताना तो हात तिथे येऊन पडला असणार. मला दिलासा वाटला. हाताचं वजन पडलंय, दुसरं काय. मी फोन ठेवला, हात अलगद उचलून ट्रॅकपॅड काढून घ्यायला वाकले, आणि तेव्हा मला दिसलं. अंगठ्याशेजारचं बोट हलत होतं. श्वासाने चादर हलावी तेवढंच. नुसत्या डोळ्यांनी कुणाला कधीच दिसलं नसतं. पण पडद्यावर तो बाण या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता.

मी हळूच म्हटलं, "नाना, वर न्या."

बाण वर गेला.

"खाली."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बाण खाली आला, वाकडातिकडा, पण आला. मी पलंगाला पाठ लावून फरशीवरच बसले. आईला हाक मारायचंही मला सुचत नव्हतं. वर पंखा फिरत होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता, आणि माझे वडील इतके महिने तिथेच होते, जागे होते, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

आई आली तेव्हा मी तिला सांगितलं, पण तिला पटेना. मला उन्हाचा त्रास होतोय का, असं तिने विचारलं. मग मी साबणाचं वेष्टन बंद केलं आणि कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत एकीकडे 'हो' आणि एकीकडे 'नाही' लिहिलं. नानांना दिसेल असा पडदा वळवला.

"नाना, आपण नाशिकला राहतो का?"

बाण 'नाही'वर गेला.

"तुम्ही खडोलीला कामाला होतात?"

बाण मागे फिरला, अर्ध्यावर अडकला, परत निघाला आणि 'हो'वर पोचला. आईने तोंडावर पदर धरला. मी पुढे विचारत सुटले. दुखतंय का? नाही. भूक लागली? नाही. भजनं लावू? त्यांच्या मनाला शांती मिळावी म्हणून आम्ही ती रोज सकाळ-संध्याकाळ लावत होतो. बाण 'नाही'वर गेला आणि तिथेच बसून राहिला. एरवी हसू आलं असतं. तेव्हा आलं नाही. इतके दिवस त्या माणसाला ते ऐकावं लागलं होतं आणि बंद करा म्हणायची सोय नव्हती.

मी भावाला फोन करायला बाहेर गेले. तो ऐकता ऐकता रडायला लागला. परत आत आले तर आई खोलीत नव्हती. मागच्या दारात, धुण्याच्या दगडावर बसली होती. मला वाटलं, आनंदाने भरून आलं असेल. जवळ गेले तर तिचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"त्यांनी सगळं ऐकलं असेल," ती म्हणाली.

काय ऐकलं, हे मला कळेना. मग तिने सांगितलं. मी छपाईचं प्रूफ दाखवायला मसाटला गेले की घरात ती आणि नानाच असत. दुपारी ती त्यांच्या पायाला तेल लावत बसायची आणि बोलायची. आधी असंच, भाजी, शेजारीपाजारी. मग ह्यांना काही कळत नाही असं मनाने घेतल्यावर ती जुनं बोलू लागली. लग्नापासूनचं, कधीच कुणाला न सांगितलेलं. त्यात तिच्या वडिलांचंही होतं.

ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी तेव्हा पाळण्यात होते. आईचे वडील गावी वारल्याचा निरोप फोनवरून कारखान्याच्या गेटवर आला, तेव्हा नाना पाळीवर चढत होते. ते तसेच कामाला उभे राहिले. पाळी संपवून सकाळी घरी आले, चहा घेतला आणि मग आईला सांगितलं. धुळ्याची एसटी गाठून ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. वडिलांचं तोंड तिला दिसलं नाही. यावर तिने नानांना तेव्हा काही विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. मला आठवतं तेव्हापासून दोघांत एकही मोठं भांडण झालेलं नव्हतं. आमच्या घरात सगळं ठीक आहे, असंच मी धरून चालले होते.

"आता कोणत्या तोंडाने समोर जाऊ?" ती म्हणाली.

ती चार वाजेपर्यंत मागच्या दारातच होती. मग उठली, तोंड धुतलं, केस नीट केले आणि खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. मी बाहेर जायला निघाले तर थांब म्हणाली, मला वाचता येत नाही एवढ्या लांबून, तू सांग. ती माझ्याशी मराठीत बोलते, पण नानांशी कायम अहिराणीत.

"निरोप उना तव्हाच माले सांगाले पाहिजे व्हतं ना?"

निरोप आला तेव्हाच मला सांगायला हवं होतं ना, एवढंच. आवाज चढलेला नव्हता. नानांचे डोळे तिच्याकडे वळले. बाण हलला नाही. मला वाटलं, दमले. मला वाटलं, नाही हलला तर बरं. मग तो निघाला. पानाच्या मधोमध थांबला, थरथरला, परत निघाला आणि 'हो'वर जाऊन टेकला.

मी आईला सांगितलं. त्यांचा हात ट्रॅकपॅडवरून घसरायला आला होता, तो तिने नीट ठेवला.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी बोट पाहिलं, पडदा पाहिला आणि माझ्याच खुर्चीत बसून राहिल्या. असं होऊ शकतं, फार अपेक्षा धरू नका, पण हे बोट सोडूही नका, असं त्यांनी सांगितलं. मी मुळाक्षरांचं पान केलं. नानांनी त्यावरून जुळवलेला पहिला शब्द 'पंखा' होता. तो कमी करायचा होता. दिवसभर गार वारा अंगावर घेऊन ते काकडत होते.

शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागतो, मध्ये डोळा लागतो. एका दुपारी आई तेल लावत तिच्या वडिलांविषयी बोलत असताना मी कामात होते आणि ते आपणहून बाण हलवू लागले. मी पान उघडून दिलं. 'घ' आला, त्याला काना. मग बऱ्याच वेळाने 'ब'. पुढचं अक्षर लागेना. बाण 'य'पाशी गेला, 'र'वरून घसरला, परत फिरला. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी आईला अक्षरं वाचून दाखवली, 'घाबर...' असं काहीतरी. ती तेलाचा हात तसाच ठेवून ऐकत होती.

"ऱ्हाऊ द्या," ती त्यांना म्हणाली. "समजनं माले."

बाण थांबला. तिने त्यांचं कपाळ पुसलं आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.

आता त्या बोटाबरोबर अंगठाही हलतो. मान थोडी वळते, पातळ पेज चमच्याने जाते. बाकी हात तसाच आहे आणि पुढे काय, ते कुणालाच सांगता येत नाही. तो ट्रॅकपॅड नानांकडेच असतो. मी भावाकडून दुसरा मागवला. आई अजून दुपारी त्यांच्यापाशी बसून बोलते. मध्येच थांबते आणि मला विचारते, बघ गं, काय म्हणतात ते.