दोन किलोच्या आत

बाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी त्या बाजारात शिरल्या की अजूनही दोन-चार दुकानदार नकळत तराजूची पारडी पुसायला घेत. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी एकोणतीस वर्षं काढली. मोटारसायकलच्या मागे प्रमाणित वजनांची पेटी बांधायची आणि कुठल्याही बाजारात अवचित जाऊन उभं राहायचं, हे त्यांचं काम. समोर सगळे 'बाई' म्हणत, पाठीमागे 'तराजूबाई'. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पेटी खात्याला परत गेली. गाडी मात्र बाईंची स्वतःची. दर हिवाळ्यात एकदा तिच्यावरून घाट ओलांडून त्या धाकट्या बहिणीकडे जात, आठवडाभर राहत आणि पोटभर गप्पा मारून परत येत.

त्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. "गाडीवरून नाही, बादलीवरून पडले," असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधीच सांगून टाकत. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवा, हरकत नाही. पण या हाताने दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. यापुढे कधीच."

तिथेच घोडं अडलं. गाडी उभी असे इमारतीच्या तळघरात. तिथे विजेचं बटण म्हणाल तर फक्त दिव्याचं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असली की बाई बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर घरी नेत आणि चार्जरला लावत. लिफ्ट नव्हती. अडीच महिन्यांत बॅटरी पार झोपली होती, आणि तिचं वजन बाईंना पाठ होतं: चार किलो तीनशे.

"आई, आता विकून टाक ती गाडी," मुलगी म्हणाली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि पंधरवड्यातून एकदा यायची. "मावशीकडे मी सोडत जाईन तुला."

"सोडशील. आणि परत न्यायला कधी येणार, तेही तूच ठरवशील."

"तसं नाही गं. पण तुझ्या हाताला आता..."

"माझ्या हाताला दोन किलो चालतात," बाई म्हणाल्या. "मग बॅटरी दोन किलोच्या आतली पाहिजे. सरळ हिशेब आहे."

बाईंनी गाडीच्या मिस्त्रींना फोन केला. पंचवीस वर्षांची ओळख होती. मिस्त्री म्हणाले, "आल्यात ना आता लिथियमच्या. किलो-सव्वा किलोच्या. उभ्या गाडीत महिनोन्‌महिने चार्ज धरून ठेवतात. पण जुन्या गाडीला चालत नाहीत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"का चालत नाहीत?"

"ते कुणी सांगत नाही."

"मग ते आपण शोधून काढू," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बॅटरीच्या दुकानात हजर झाल्या. दुकानदार चाळिशीचा. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि लहानपणी काउंटरखाली बसून त्याने याच बाईंना वडिलांचा तराजू जप्त करताना पाहिलं होतं. त्याने आपणहून खुर्ची पुढे केली.

"ही घ्या बाई, डोळे झाकून. फक्त नऊशे ग्रॅम, बारा अँपिअरची."

डोळे झाकणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पिशवीतून हुकाचा छोटा काटा काढला. बॅटरी नऊशे ऐंशी भरली. मग चष्मा वर करून त्यांनी खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला आणि खोका दुकानदारापुढे सरकवला. मोठ्या अक्षरात बारा छापलं होतं. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की हा आकडा जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटरीशी तुलना करून दिलेला आहे. खरी क्षमता चार.

"अहो, हे मी कधी वाचलंच नव्हतं," दुकानदार म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

"फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. गाडी चालू करायला चार पुरतीलही. पण मला माप कळायला हवं."

दुकानदाराला आता चेव आला. त्याने फळीवरचे सगळे खोके उतरवले. एकामागून एक बॅटरी काट्याला लागली. एकीची धन बाजू उलटीकडे होती, गाडीची वायर पोचलीच नसती. एक गाडीतल्या बॅटरीच्या कप्प्यात मावण्याएवढी बुटकी नव्हती. पाचवी भरली एक किलो दोनशे साठ, आणि खोक्यावरही तेवढंच लिहिलेलं होतं. क्षमतेचे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, सारख्याच अक्षरात छापलेले. चार्ज फार उतरला तर स्वतःहून बंद होणारं संरक्षणही आत होतं. बाईंच्या कपाळावरची आठी गेली.

"हिच्याबरोबरचा कागद द्या," त्या म्हणाल्या. "बॅटरी इथेच ठेवा. आधी मोजते, मग नेते."

जुन्या गाडीला का चालत नाहीत, याचं उत्तर कागदावर होतं. गाडीकडून येणारा विजेचा दाब साडेचौदा व्होल्टच्या वर गेला तर ही बॅटरी खराब होते. बाईंनी मिस्त्रींना तळघरात बोलावलं. मिस्त्रींनी सोबत आणलेल्या बॅटरीवर गाडी चालू केली आणि मीटर लावला. इंजिनाचा वेग वाढवताच काटा पंधरा पूर्णांक दोनवर गेला.

मिस्त्रींनी मीटर काढून पुन्हा लावला. आकडा तोच. "बाई, तुमचा रेग्युलेटर गेलाय, हा दाब आवरणारा. कधीचा कोण जाणे. दर दीड-दोन वर्षांनी बॅटरी का बसते ते आज कळलं. मी आपला बॅटरी बनवणाऱ्यांना शिव्या घालत होतो."

"आणि मी तुम्हाला घालत होते," बाई म्हणाल्या, आणि दोघेही खो खो हसले.

नवा रेग्युलेटर बसला. मीटर चौदा पूर्णांक तीनवर थांबला आणि कितीही वेग दिला तरी तिथून हलेना.

निघायच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. कानटोपी घातलेली मुलगी निरोपाला आली होती, मिस्त्रीही आले होते. दुकानातून आणून रात्रभर गार गॅलरीत चार्ज केलेली नवी बॅटरी बाईंनी स्वतःच्या उजव्या हातात धरून तीन मजले खाली आणली. कुणी हात पुढे केला की त्या नुसत्या बघत. बॅटरीच्या जुन्या कप्प्यात ती सैल बसत होती, म्हणून भोवती रबरी स्पंजाच्या पट्ट्या दाबून भरल्या, स्क्रू घट्ट केले आणि बटण दाबलं.

इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा दाबलं तर नुसता 'टक्' आवाज आला.

मुलगी हळूच म्हणाली, "आई, राहू दे. मी नेते तुला. रजा टाकून आलेय मी."

बाईंनी गाडीचा पुढचा दिवा लावला.

"अहो बाई, दिवा कशाला?" मिस्त्री कळवळले. "आहे नाही तेवढंही संपेल."

"शिशाचं संपलं असतं. ही थंडीने आखडलीय. थोडं काम दिलं की आतून गरम होते. कागदावर लिहिलंय." बाईंनी घड्याळ समोर धरलं. दोन मिनिटं गेली. भिंतीवरचा पिवळा झोत हळूहळू उजळत गेला, हे आधी मुलीच्या लक्षात आलं.

बाईंनी बटण दाबलं. गाडी अशी काही धडधडून उठली की मिस्त्री एक पाऊल मागे सरले. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, पण हसू लपत नव्हतं.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली. "आणि परत कधी यायचं ते तुझं तू ठरव."

ऊन वर आलं तेव्हा बाई घाटमाथ्यावर होत्या. गाडी बंद करायला क्षणभर जीव धजेना. मग त्यांनी किल्ली फिरवलीच. चहाच्या टपरीवर पेला हातात घेऊन दरीतलं धुकं विरताना पाहिलं, निवांत चहा संपवला आणि बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू. बाईंनी ती बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू.

शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "काय बाई, गाडी सारखी बंद पडतेय का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "सारखी चालू होतेय."