भूलतज्ज्ञाचा कार्ब्युरेटर

माझा धंदा करणाऱ्याला मराठीत भूलतज्ज्ञ म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी घडवला, त्याला माझी पत्रिका आधीच कळली असावी. बसा, चहा घ्या, सांगतो. पण एकदाच सांगणार, कारण दर वेळी सांगताना मी आणखी थोडा मूर्ख ठरतो.

आम्ही राहतो आयर्लंडमध्ये, एनिस गावाच्या जरा बाहेर. शेजारी नोराआजी, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या नवऱ्याने आयुष्यभर जपलेली एक हिरवी गाडी होती, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आजोबा गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. मी जातायेता तिच्याकडे इतक्या आशेने बघायचो की शेवटी आजींनी ती मला देऊनच टाकली. अट एकच. नात ईफा हिचं लग्न ठरलं होतं, आणि ती चर्चला आजोबांच्या गाडीतूनच जाणार होती. मी म्हणालो, त्यात काय एवढं?

लग्नाला तीन आठवडे उरले आणि गाडी रुसली. दहा-बारा किलोमीटर झकास जायची, मग धापा टाकायची आणि बंद पडायची. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

साध्या माणसाने मेकॅनिक बोलावला असता. मी पडलो डॉक्टर, मी निदान केलं. दोष कार्ब्युरेटरचा. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला पाजणारं ते यंत्र. आणि वायू मोजून मिसळण्यात तर माझी वीस वर्षं गेलेली! माझी बायको मेधा म्हणाली, आधी कुणाला तरी दाखवू या. मी तिला समजावलं की भूल द्यायचं मशीन आणि कार्ब्युरेटर हे सख्खे चुलतभाऊ आहेत.

"एकमेकांशी बोलतात का ते?" तिने विचारलं.

मी दुर्लक्ष केलं. चार संध्याकाळ बसून व्हिडिओ पाहिले. होता तसाच नवा कार्ब्युरेटर सहज मिळत होता, पण होता तसाच घ्यायचा तर एवढा अभ्यास कशाला करायचा? मी निवडला मोठा, दोन तोंडांचा, चकचकीत. व्हिडिओतला गृहस्थ तो शर्यतीच्या गाड्यांना बसवत होता. ईफाला चर्चपर्यंत शर्यत लावायची नव्हती, हा मुद्दा मला तेव्हा किरकोळ वाटला.

तरी मेधाच्या समाधानासाठी मॉसीला बोलावलं. मॉसी म्हणजे आजोबांचा जुना दोस्त, चाळीस वर्षं गॅरेज चालवून निवृत्त झालेला. तासाला सहा शब्द बोलतो, त्यातले चार हवामानाबद्दल. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करून ऐकलं, बंद केलं. व्हिडिओतला गृहस्थ नवा कार्ब्युरेटर हातात घेऊन उभा आहे, असा फोटो मी त्याच्या नाकासमोर धरला. तो हनुवटी किंचित हलवून म्हणाला, "युअर मॅन इज ग्रँड."

आता इथे 'युअर मॅन' म्हणजे तुमचा माणूस नव्हे, तर 'तो बुवा'. आणि 'ग्रँड' म्हणजे भव्यबिव्य काही नाही, नुसतं 'ठीक आहे'. भारतातून नवे डॉक्टर आले की त्यांना हे कोण शिकवतं? मीच. त्यामुळे मला अर्थ लागायला क्षणही लागला नाही. फोटोतला बुवा ठीक आहे, म्हणजे त्याचा कार्ब्युरेटरही! मी विचारलं, मग करू सुरू? मॉसी म्हणाला, "वर्क अवे." म्हणजे खुशाल करा. आणि दोन आठवड्यांसाठी बहिणीकडे केरीला निघून गेला.

मी खुशाल केलं. जुना कार्ब्युरेटर काढला, आणि काढलाच आहे तर आतून बघू म्हणून सगळा सुटा केला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर स्प्रिंगा, सुया, स्क्रू मांडले. ते शवविच्छेदन पाहून मेधा नुसती मान हलवून आत गेली.

मग नवा आला. ज्या नळीवर तो बसवायचा, तिला बोल्टची दोन भोकं, आणि याला चार. मग मधे घालायची पट्टी मागवली. ती चार दिवसांनी आली. पट्टी लावल्यावर कार्ब्युरेटर छान बसला, पण इतका उंच बसला की बॉनेट लागेना. मी मेधाला म्हणालो, बॉनेट जरा उघडं ठेवून फुलांनी झाकलं तर? तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात अशी नजर मी दोनदाच पाहिली आहे.

लग्न शनिवारी. शुक्रवारी सकाळी मी बॉनेट उघडं ठेवूनच इंजिन चालवून पाहिलं, तर ते पुन्हा धापा टाकून बंद पडलं. तेवढ्यात नोराआजी गाडीला बांधायची पांढरी रिबीन घेऊन आल्या, सोबत केरीहून परतलेला मॉसी. आजींनी उघडं बॉनेट पाहिलं, टेबलावरचं वर्तमानपत्र पाहिलं. त्यातला एक पितळी तुकडा उचलून रुमालाने पुसला आणि जागच्या जागी ठेवला. आजोबा दर रविवारी हे सगळं पुसायचे, एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॉसी म्हणाला, "मी सांगितलं होतं, युअर मॅन इज ग्रँड."

मी फोन काढून फोटो दाखवला. "हा ना?"

"तो," मॉसी म्हणाला आणि वर्तमानपत्राकडे बोट केलं.

दारात आमची अकरा वर्षांची इरा उभी होती. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र खास इथल्या क्लेअर जिल्ह्याच्या इंग्रजीत. तिने शांतपणे माहिती दिली की वस्तूलाही युअर मॅन म्हणतात. "बाबा, एव्हरीवन नोज दॅट." आणि मी 'करू सुरू?' विचारलं तेव्हा, मॉसीने सांगितलं, त्याला वाटलं होतं मी इंजिन पुन्हा सुरू करायची परवानगी मागतोय.

मग मॉसी गाडीला वळसा घालून मागे गेला. तिथे पेट्रोलच्या टाकीला नवं कोरं झाकण होतं, आरशासारखं लखलखीत. जुनं गंजकं दिसत होतं म्हणून लग्नासाठी मीच हौसेने बदललेलं. मॉसीने ते फिरवलं. टाकीने सुस्स करून भलामोठा श्वास आत घेतला.

जुन्या झाकणाला बारीक भोक होतं, मॉसीने सांगितलं. पेट्रोल जाईल तशी तिथून हवा आत यायची. या झाकणाला भोकच नाही. हवा नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही, पेट्रोल नाही म्हणून गाडी बंद. उभी राहिली की कुठूनतरी थोडी हवा शिरते आणि पुन्हा चालू. बिचाऱ्या कार्ब्युरेटरचा यात काडीचा संबंध नव्हता.

आता मला सांगा, काचेच्या बाटलीत हवेसाठी सुई खुपसल्याशिवाय सलाईन उतरत नाही, हे मिरजेला शिकताना पहिल्या महिन्यात मला कुणी शिकवलं नव्हतं का? शिकवलं होतं. पुढे मीही शेकडो पोरांना शिकवलं.

मॉसीने टाकीला जुनं झाकण परत लावलं आणि दुपारभर बसून जुना कार्ब्युरेटर जोडला. तो मागेल तो स्क्रू मी हातात देत होतो. ऑपरेशन थिएटरमध्येही मी कधी इतका गप्प उभा राहिलेलो नाही. मेधाने पोहे केले. मॉसीला दोनदा वाढले, मला एकदाही विचारलं नाही.

शनिवारी गाडी चर्चला वेळेवर पोचली, एकदाही न खोकता. अर्थात चालवली मॉसीने. आजींनीच तसं ठरवलं, फार गोड शब्दांत. ईफा उतरताना गाडीच्या टपावरून हात फिरवत क्षणभर थांबली, आणि आजींनी डोळे टिपले. मी मागून आमच्या इलेक्ट्रिक गाडीतून हत्यारांची पेटी घेऊन येत होतो.

जेवणाच्या वेळी मॉसी माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "डॉक्टर, हॉस्पिटलमध्ये तुमचं नेमकं काम काय?"

मला बरं वाटलं. निदान या विषयात तरी आपली अब्रू शाबूत आहे. मी ऐटीत सांगितलं की मी पेशंटला झोपवतो, आणि ऑपरेशन संपेपर्यंत त्याच्या आत हवा नीट जाते आहे की नाही, ते बघतो.

मॉसीने काटा खाली ठेवला. "पुढच्या महिन्यात तिथे माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी दुसरं कुणी असेल का?"

मी म्हणालो, असेल. आणि सोमवारी जाऊन त्या दिवसाची रजा टाकली.